रविवारची पुकार

काकाजी, आज रविवार आहे, ओसरीवर ऊन आलं आहे आणि मी खटल्यांच्या कागदांचे सगळे बस्ते उघडून ठेवले आहेत. तुम्ही गेल्याला एकोणीस वर्षं झाली, तरी बालाघाटात हे ऑफिस अजून तुमच्याच नावानं ओळखतात. रिक्षावाल्याला माझं नाव सांगितलं तर तो नुसती मान हलवतो, तुमचं सांगितलं की थेट दारात आणून सोडतो. मला त्याचं वाईट वाटत नाही. लाल कापडात बांधून ठेवलेले ते कागद उन्हात पसरले की त्यांना एक कोंदट, गोडसर वास सुटतो आणि त्या वासानं मला बसल्या बसल्या गुंगी येते. डोळे मिटले की तुम्ही खुर्चीत असता, अंगात बनियन, खांद्यावर दुपट्टा. कोर्टाचा शिपाई दारात उभा राहून पक्षकाराचं नाव तीनदा पुकारतो, तशी पुकार तुम्ही दर रविवारी आपल्या ओसरीवर करायचात. एकेक बस्ता हातात घ्यायचात, नाव मोठ्यानं वाचायचात आणि मी उभं राहून सांगायचं, खटला कुठवर आला, पुढच्या तारखेची पेशी कधी, आणि हे त्या माणसाला आपण शेवटचं कधी कळवलं. पहिली दोन उत्तरं चुकली तर तुम्ही चालवून घ्यायचात. तिसरं आलं नाही तर सोमवारी मला त्या गावाची वाट धरावी लागायची, मग ते बिरशाच्या जंगलात असो की नदीपलीकडं. मी एकदा म्हटलं होतं, पोस्टकार्ड टाकते की. तुम्ही म्हणालात, कार्ड पोचते, खबर पोचत नाही. मी तोंड वाकडं केलं होतं ते तुम्ही पाहिलं असणार.

मी तुमच्याकडे आले तेव्हा मला कायदा येत होता आणि माणसं येत नव्हती. बाबा तिरोडीला खाणीवर हजेरी लिहायचे. पोरीनं वकिली करावी हे त्यांना पसंत होतं, पण कोणाच्या हाताखाली करावी याची त्यांना धास्ती होती. तुमचं नाव ऐकलं आणि ते निवांत झाले. माझं टेबल तेव्हा भिंतीकडे तोंड करून होतं. पहिल्याच आठवड्यात एक म्हातारा काही विचारायला आला, मी लिहिता लिहिता उत्तर दिलं आणि तो गेला. तुम्ही आतून ऐकत होता. बाहेर आलात, माझ्या हातातला पेन काढून टेबलावर ठेवला आणि म्हणालात, "पोरी, त्या माणसानं आपलं गाऱ्हाणं कोणाले सांगितलं? टेबलाले? पक्षकार दारात आला का आधी मान वर कराची. बाकीचा कायदा मंग शिकवतो तुले." आवाज चढला नव्हता, पण माझे कान गरम झाले. पुढच्याच आठवड्यात सुतार आला. सागवानाचं नवं टेबल, दोन खणांचं, आणि तुम्ही ते स्वतः धरून दाराकडे तोंड करून लावलंत. येणारं माणूस पायरीवर असतानाच दिसावं म्हणून. एवढी मोठी वस्तू तोवर मला कोणी दिली नव्हती. आज हे पत्र त्याच टेबलावर लिहिते आहे. त्याचा एक पाय आता डुगडुगतो, खाली पुठ्ठ्याची घडी घातली आहे.

तुमच्या बस्त्यांना दोन प्रकारच्या गाठी असायच्या, हे बाहेरच्या कुणाला सांगितलं तर हसतील. चालू खटल्याला एकच गाठ, तो खालच्या फळीवर. संपलेल्याला दुहेरी गाठ, तो माळ्यावर. संपलेलं भांडण सहज सुटता कामा नये, असं तुमचं म्हणणं. काकू आतून म्हणायच्या की यांच्या धोतराला एक गाठ धड बसत नाही आणि कागदांना दोन-दोन लागतात. तर एका उन्हाळ्यात, शनिवारी, मी एकवीस निकाली बस्ते बांधून माळ्यावर चढवले आणि त्यांच्यात बाविसावा चढला तो लामत्याजवळच्या त्या विधवा बाईचा. तिचा खटला चालू होता. नवरा गेल्यावर दीर तिला दोन खोल्यांतून बाहेर काढायला बघत होता आणि तुम्ही मिळवलेल्या स्थगनाच्या जोरावर ती तिथं टिकून होती. मागे तिचं मोहाचं झाड होतं. तिच्याकडून घरी जाताना तुम्ही त्याच्याखाली थांबायचात, दोन फुलं उचलून तोंडात टाकायचात आणि मला म्हणायचात, घे, ह्याची परीक्षा नाही होत.

बस्ता माळ्यावर गेला, म्हणून रविवारी तिची पुकार झाली नाही. पेशीची डायरी मी बस्त्यांवरूनच भरायची, म्हणून डायरीतही तिचं नाव आलं नाही. कोर्टात मात्र तिचं नाव पुकारलं गेलं. एकदा, दुसऱ्यांदा, मग तिसऱ्या पेशीला, आणि आपल्या बाजूनं कोणी उभं राहिलं नाही. अदम पैरवी, बाजू मांडायला कोणी नाही म्हणून दावा खारीज. स्थगनही त्याच्याबरोबर गेलं. तीन दिवसांनी दिरानं तिचं स्वयंपाकघर पाडलं, भांडी अंगणात मांडून ठेवली, कुणी लग्नाचा रुखवत मांडावा तशी, आणि मोहाचं झाड कापलं. ती बाई आपल्याकडे रडत आली नाही. तिनं कुणाकडून तरी अर्ज लिहून घेतला आणि वकिलांच्या शिस्तीचा विचार करणारी जी समिती जबलपूरला बसते तिच्याकडे तुमची तक्रार केली. तुम्ही तो अर्ज दोनदा वाचलात. मग स्वतः शिडी लावून माळ्यावर चढलात, बस्ता काढलात आणि गाठीकडे बघत राहिलात. माझी गाठ तुम्ही ओळखायचात. "तुहीच ना?" एवढंच विचारलंत. मी हो म्हटलं. "हौ," म्हणालात, "पण वकालतनाम्यावर नाव माहं आहे."

आपण जबलपूरला छोट्या लाइनच्या गाडीनं गेलो. ती गाडी आता नाही. त्या वेळी तिच्यातून उतरून, लघवीला जाऊन, धावत येऊन परत चढता येतं असं लोक म्हणायचे, आणि ते फारसं खोटं नव्हतं. समितीसमोर तुम्ही वकील दिला नाही. उभे राहिलात आणि म्हणालात की ऑफिसात चूक झाली, ऑफिस माझं आहे, या बाईचं म्हणणं बरोबर आहे. समितीतल्या तिघांनाही अवघडल्यासारखं झालं, कारण कबूल करणारा आरोपी त्यांना सवयीचा नव्हता. मग त्यांनी बाईला विचारलं की पेशी कधी आहे हे तू स्वतः कधी विचारलं नाहीस का. ती म्हणाली, विचारायला गेले होते. बाजाराच्या दिवशी, त्या तिसऱ्या पेशीच्या चार दिवस आधी. ऑफिसात एक मुलगी होती, ती म्हणाली, अजून तारीख पडली नाही, पडली की कळवू. त्या वेळी ऑफिसात दोन मुली होत्या, मी आणि टायपिंगची. मी मागच्या बाकावर बसले होते. मधल्या सदस्यांनी विचारलं, जवाब देनेवाली का चेहरा कैसा था? त्या बाईनं डोक्यावरचा पदर सारखा केला. मग म्हणाली, "चेहरा नाही पाह्यला साहेब. तिनं वर पाह्यलंच नाही. मले फक्त तिचा भांग दिसला."

ते हसले. वाईट माणसं नव्हती ती, पण हसले. निकालात लिहिलं की कसूर कबूल आहे, सहा महिने सनद निलंबित, पण तक्रारदार ऑफिसात चौकशीला गेली होती हे तिचं म्हणणं विश्वासार्ह वाटत नाही, कारण उत्तर देणाऱ्याचं तोंडही ती सांगू शकत नाही. म्हणजे तिला झाड परत मिळालं नाही, आणि वर कागदावर ती खोटारडी ठरली. परतीच्या गाडीत आपण खिडकीजवळ समोरासमोर बसलो. मोहाचे दिवस होते. जंगलातून तो वास डब्यात येत होता, गाडी इतकी हळू चालली होती की खाली वेचणाऱ्या बायकांच्या टोपल्या मोजता याव्यात, आणि मला वाटत होतं की हा रस्ता कधी संपूच नये, कारण संपला की तुम्ही बोलाल. लामता आलं. ती बाई पुढच्या डब्यातून उतरली आणि फलाटावरून डोक्यावर पदर घेऊन चालत गेली. तुम्ही तिच्याकडे बघत मला विचारलंत, "आलती का गं ती ऑफिसात?"

मी म्हटलं, नाही काकाजी.

गाडी सुटेपर्यंत तुम्ही तिच्या पाठीकडे बघत होता. मग म्हणालात, "हौ. घाबरलेला माणूस एखादं वाक्य जास्तीचं बोलते. तिचा राग नोको धरू." आणि तुम्ही डोळे मिटलेत. जे खोटं ती बोललीच नव्हती ते तुम्ही तिला माझ्यासमोर माफ केलंत, आणि मी खिडकीबाहेर बघत मूग गिळून बसले.

ते सहा महिने मला स्वप्नात असल्यासारखे आठवतात, कारण तुम्ही त्यात काही वेगळं केलं नाही. काळा कोट खुंटीला लावलात. दारावर स्वतःच्या अक्षरात हिंदीत पाटी लावलीत की वकील साहेब सहा महिने काम करणार नाहीत, कारण आत विचारा. आत म्हणजे माझ्याकडे. पहिल्या दिवशी मी तोंडातल्या तोंडात पुटपुटले, काही तांत्रिक अडचण आहे. तुम्ही पडद्यामागून आलात आणि त्या पक्षकाराला बसवून सगळं सांगितलंत, एका बाईचं नुकसान झालं, आमच्या ऑफिसची चूक, दुसरा वकील बघा, कागद देतो. त्यानंतर मला सांगावं लागलं. दिवसातून सात-आठ वेळा, मान वर करून. वाटलं होतं निम्मे लोक कागद घेऊन जातील. बरेच गेलेही. काही नुसते ऐकून ओसरीवर बसून राहिले, चहा पिऊन गेले आणि सहा महिन्यांनी परत आले. रविवारची पुकार बंद झाली नाही. तिचं नाव तुम्ही पहिलं घ्यायचात. तुमच्या जुन्या मित्रानं तिचा दावा पुन्हा उभा करण्याचा अर्ज चालवला, त्याचा मसुदा तुम्ही मला अकरा वेळा लिहायला लावलात, आणि दोन खोल्या तिला परत मिळाल्या. ती एकदा चारोळ्यांची पुरचुंडी घेऊन आली. तुमच्या पायाशी ठेवली. माझ्या टेबलाजवळून जाताना थांबली, माझ्याकडे नीट बघितलं, आणि मी आतून पाणी आणायच्या निमित्तानं उठले.

आता मुद्द्यावर येते. तुम्ही असता तर केव्हाच म्हणाला असता की अर्ज लांबला, मागणी काय ते सांगा. त्या समितीवर आता मी आहे. तुम्हाला हसू येईल, मलाही पहिल्या दिवशी आलं. तीच इमारत नाही, पण तसेच पंखे आहेत. आमच्यासमोर सध्या एक प्रकरण आहे. बिरशाकडची एक बाई, शाळेत खिचडी शिजवायची. तिला कामावरून काढलं, त्याविरुद्ध तिनं वकील केला, आणि वकील सात पेश्यांना गेलाच नाही. तिचं अपील खारीज झालं. वकील चाळिशीतला आहे, बोलण्यात चोख, दोन लहान मुलं आहेत, कामाचा भार फार होता म्हणतो. ते खरंही असेल. गैरहजेरी तो नाकारत नाही, नाकारता येतही नाही. पण त्या बाईनं आपल्याला कधी काही विचारलंच नाही, विचारलं असतं तर आपण सावध झालो असतो, असं तो म्हणतो. ती म्हणते, मी कोर्टाच्या फाटकात विचारलं होतं. ते मोबाइलवर बोलत गाडीकडे चालले होते. चालता चालताच म्हणाले, अगले महीने. माझ्या शेजारच्या सदस्यांनी तिला विचारलं, आणि त्यांचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही, "जब उन्होंने आपकी तरफ देखा ही नहीं, तो जवाब किसको दिया?"

तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला. काकाजी, तसाच. पंखा फिरत होता आणि मला जंगलातला तो गोड वास आला, जबलपूरच्या त्या खोलीत, भर दुपारी. दोन्ही सदस्यांचं मत असं पडलं आहे की कसुरीबद्दल ताकीद द्यावी, आणि विचारल्याची गोष्ट पुराव्याअभावी बाजूला ठेवावी. ती धरली तर निव्वळ विसराळूपणा राहत नाही, मग निलंबनाशिवाय गत्यंतर नाही. निकाल लिहायचं काम माझ्याकडे आलं आहे. परवा वाचायचा आहे. मी तीन वेळा लिहायला बसले आणि तीनही वेळा त्याच वाक्यावर आले, तक्रारदाराचं हे म्हणणं विश्वासार्ह वाटत नाही. माझा हात ते वाक्य पाठ असल्यासारखा लिहितो.

माणसाकडे न बघता त्याला उत्तर देता येतं. हे सिद्ध करायला त्या खोलीत माझ्याशिवाय दुसरा साक्षीदार नाही. ती लामत्याची बाई आली होती, काकाजी. बाजाराचा दिवस, सकाळचे अकरा, तुम्ही कोर्टात होता आणि टायपिंगची मुलगी आलीच नव्हती. मी तुम्ही दिलेल्या टेबलावर, दाराकडे तोंड करून, न्यायाधीशाच्या परीक्षेचा अर्ज भरत होते. खाडाखोड चालणार नाही असं त्यावर छापलेलं होतं, म्हणून मी अक्षर अक्षर कोरत होते. दारातून आवाज आला, बाई, आमची पेशी कधी हाये? मी डायरी उघडली नाही, फळीकडे बघितलं नाही, मान वर केली नाही. अजून पडली नाही, म्हटलं, पडली की कळवू. तिचे पाय मला दिसत होते, उंबऱ्यापाशी, धुळीनं भरलेले. ते लगेच गेले नाहीत. मी वर बघेन म्हणून थांबले होते. त्याच वेळी मी उठले असते तर फळीवर तिचा बस्ता सापडला नसता, मी माळ्यावर चढले असते, आणि पेशीला चार दिवस बाकी होते. तो अर्ज मी भरला, परीक्षा दिली आणि नापास झाले. त्याचं मला आज बरं वाटतं.

परवा निकाल वाचण्याआधी मी त्या दोघांना हे सांगणार आहे. मग मी समितीवर राहीन की नाही ते त्यांनी ठरवावं. आजच्या तारखेचं एक शपथपत्रही लिहून ठेवलं आहे, त्या जुन्या निकालातलं एक वाक्य खोटं आहे आणि ते माझ्यामुळे खोटं आहे एवढंच त्यात आहे. त्याचा आज कायद्यात काही उपयोग नाही हे मला कळतं. उद्याची गाडी लामत्याला थांबते. ती बाई अजून त्याच दोन खोल्यांत राहते, आता तिला कमी दिसतं असं ऐकलं. उतरून तिला ते वाचून दाखवायचं आहे. तिनं दारातून हाकलली तर पुढची गाडी दुपारी आहे.

तुम्हाला हे पत्र कुठे पाठवू? तिच्या बस्त्यात ठेवते. तो अजून आहे, माळ्यावरून मी आजच खाली घेतला, आणि बांधताना एकच गाठ मारणार आहे. ऊन आता ओसरीच्या खांबापर्यंत सरकलं आहे. कागद गोळा करायला हवेत. पुकारही करायची आहे, पहिलं नाव तिचंच.

एक राहिलंच. इतकी वर्षं मी स्वतःची अशी समजूत घालत आले की मान वर केली नाही, म्हणून दारात कोण होतं ते मला कळलं नाही. तिच्या घरी मी तुमच्याबरोबर चार वेळा गेले होते, तिच्या हातचा चहा प्यायले होते. आवाज मी ओळखला होता, काकाजी.